शिफ्टमध्ये नमाज घाईत उरकतोय, चालतं का?

लूमवाला_सोलापूर: सलाम मंडळी, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत पावरलूमवर आहे, जोहर आणि असर (दुपारची आणि दुपारनंतरची नमाज) दोन्ही शिफ्टमध्येच येतात, मालक अडवत नाही पण माग बंद ठेवला की पीस कमी पडतो म्हणून चार रकात (नमाजची आवर्तनं) दोन मिनटात उरकतो. घरी अब्बा म्हणतात ही नमाज नाही, उठाबशा आहेत. खरं का ओ?

चादरवाला: अब्बा बरोबर बोलले की भावा 😄 हदीसमध्ये (पैगंबरांच्या आठवणी-वचनांत) किस्सा आहे, एकानं घाईत नमाज पढली तर पैगंबरांनी त्याला तीनदा परत पाठवलं, जा, तू पढलाच नाहीस म्हणून. मग शिकवलं, रुकूत (कमरेत वाकल्यावर) शांत थांब, पूर्ण सरळ उभा राहा, सजद्यात (कपाळ जमिनीला टेकल्यावर) पण थांब. सगळा घोळ तिथंच होतो, आपण रुकूतून अर्धवट उठून थेट सजद्यात जातो.

शेळगीकर: दिवसाच्या फर्ज (बंधनकारक) रकाती १७ च, त्यात तुझ्या शिफ्टमधल्या ८. वेळ कमी असंल तर सूरा (कुराणातला अध्याय) छोटी घे, इखलास घे, पण रुकू सजदा कापू नको.

लूमवाला_सोलापूर: आज जोहर निवांत पढली, घड्याळ बघितलं तर सहा मिनटं. तेवढी तर बॉबिन बदलायला सुद्धा जातात राव.