नोव्हेंबरचा दाखला, जानेवारीचा गड्डा : निवृत्तीनंतर परदेशी राहणाऱ्या सोलापूरकरांचे अनुभव

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाले, यजमान गेले आणि मुलाकडे न्यू जर्सीला राहायला गेले, त्याला आता नऊ वर्षं होतील. दर डिसेंबरात सोलापूरला येते, गड्डा म्हणजे जानेवारीतली सिद्धेश्वराची जत्रा करते, हुरडा खाते आणि ऊन तापायच्या आत परत जाते. यंदा संमती कट्ट्यावर अक्षता सोहळ्याच्या गर्दीत शेजारी उभे असलेले दोघेही परदेशी राहिलेलेच निघाले, एक मस्कतचे आणि एक लेस्टरचे. अक्षता पडल्या, नंदीध्वज पुढे गेले, आणि आम्ही तिघं तिथंच तासभर बोलत राहिलो. विषय काय, तर हयातीचा दाखला, बँकेचा ओटीपी आणि बंद घराची टाकी.

घरी आल्यावर वाटलं, हे तिघांपुरतं राहू नये. साठी उलटल्यावर परक्या देशात संसार मांडणाऱ्याला पुढं काय काय लागतं, हे आधी कुणी बसवून सांगत नाही. म्हणून सगळ्यांना विनंती, आपापला अनुभव लिहा. पेन्शन, औषधपाणी, घर, कागद, एकटेपण, काहीही चालेल. बँकेचं, कचेरीचं, माणसाचं नाव नको, वर फक्त गावाचं नाव टाका आणि घडलं ते सांगा.

सुरुवात माझ्यापासून करते. पहिल्याच वर्षी माझी पेन्शन थांबली. हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा हे मला पाठ होतं. पण मुलगा म्हणाला, "आई, आता ते ऑनलाइन होतं." त्यानं अंगठ्याचं यंत्र मागवलं. तेहतीस वर्षं खडू आणि त्याआधी शेतातली कामं, माझ्या बोटांवर ठसे राहिलेत कुठं? यंत्रानं मला ओळखलंच नाही. तेवढ्यात नाताळच्या सुट्ट्या आल्या, आणि पुढच्या महिन्यांत खात्यावर काहीच जमा नाही. रक्कम बुडत नाही, दाखला पोचला की मागची थकबाकी मिळते. पण ते चार महिने नातवाच्या वाढदिवसाला पाकीट द्यायलासुद्धा मुलाकडे हात पसरावा लागला, ते मला फार लागलं. आता मी यंत्राच्या नादी लागत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीत पासपोर्ट आणि पेन्शनचं पुस्तक घेऊन जाते, अधिकाऱ्यासमोर सही करते, त्याच दिवशी कागद कुरिअरनं सोलापूरला रवाना करते आणि त्याची एक प्रत भाच्याकडे पाठवते. तो शाखेत जाऊन नोंद झाल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. हे शेवटचं काम विसरू नका.

दुसरी गोष्ट औषधपाण्याची. अमेरिकेत पासष्टीनंतर मेडिकेअर म्हणजे सरकारी आरोग्यविमा मिळतो असं सगळे म्हणतात, पण ग्रीन कार्डावर आलेल्याला सलग पाच वर्षं तिथं राहावं लागतं. शिवाय स्वतः किंवा जोडीदारानं तिथं दहा वर्षं काम केलेलं नसेल तर त्यातला पार्ट ए, म्हणजे रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चाचा भाग, फुकट नाही, त्याचाही हप्ता भरावा लागतो. तोवरची पाच वर्षं खाजगी विमा. निघण्याआधी मुलाशी या खर्चाचं स्पष्ट बोलून घ्या, मागाहून बोलणं अवघड जातं. मूळ मेडिकेअरमध्ये दातांची नेहमीची कामं बसत नाहीत, आणि भारतात आजारी पडलो तर सहसा त्याचा उपयोग नाही. म्हणून दात मी सोलापुरात करून घेते आणि इथल्या दोन-तीन महिन्यांसाठी वेगळा विमा काढते. ग्रीन कार्डवाल्यांनी सहा महिन्यांच्या आत परत फिरावं. वर्षाहून जास्त राहायचं असेल तर री-एंट्री परमिट निघण्याआधी, अमेरिकेत असतानाच मागावं लागतं.

लेस्टर, आता जुळे सोलापूर (वय ७८)

बाईंनी लिहायला सांगितलं म्हणून लिहितो. आमच्या घरी तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी. वडील मागावर चादरी विणायचे. मी विशीत लेस्टरला गेलो आणि तिथंही होजिअरीच्या कारखान्यातच उभा राहिलो. सूत बदललं, खडखडाट तोच. पासष्टाव्या वर्षी, २०१२ साली ब्रिटनची सरकारी पेन्शन सुरू झाली आणि त्याच वर्षी आम्ही दोघं सोलापूरला परत आलो.

आता जे सांगतो ते ब्रिटनमधून परतायच्या विचारात असलेल्या प्रत्येकानं नीट वाचावं. ती पेन्शन ब्रिटनमध्ये दर एप्रिलला वाढते. माणूस अमेरिकेत जाऊन राहिला तरी वाढते. भारतात राहिला तर वाढत नाही. ज्या दिवशी इथं मुक्काम ठोकला त्या दिवशीचा आकडा गोठला. म्हणजे मी आज २०१२ चेच पौंड घेतोय. पौंडाचा भाव वाढला म्हणून थोडं सावरलं जातं, पण इथली महागाई काय २०१२ ची राहिलीय? मी पूर्ण वर्षं भरली, माझ्याबरोबर त्याच मशीनवर उभा राहिलेला माणूस लेस्टरात राहिला म्हणून त्याला जास्त आणि मला कमी, हा अन्याय आहे असं माझं ठाम मत आहे. मी तसं तिकडच्या खासदाराला पत्रानं कळवलंही. तिकडं राहायला गेलो तर तेवढ्या दिवसांपुरती वाढीव रक्कम मिळते, इथं आलो की पुन्हा जुना आकडा.

कायमचं सोडून आलं की तिथल्या दवाखान्यातले फुकट उपचारही गेले, कारण ते राहण्यावर असतात, पासपोर्टावर नाही. आणि हो, हयातीचा कागद त्यांच्याकडूनही येतो, तोही टपालानं. भरून, साक्षीदाराची सही घेऊन परत पाठवला नाही तर पैसे थांबतात. आमचं एकदा पाकीट जुन्या पत्त्यावर गेलं होतं. पत्ता बदलला की सगळ्यात आधी तिकडं कळवा.

तरी परत आल्याचा पस्तावा नाही. सकाळी कंबर तलावाला फेरी मारतो, चार भाषांत चार माणसं हाका मारतात.

मस्कत

वकिलीचा सल्ला म्हणून नाही, हिशेबाच्या माणसाचा अनुभव म्हणून घ्या. २६ वर्षं आखातात अकाउंट्स केले. तिथलं राहणं नोकरीला बांधलेलं असतं. नोकरी संपली की हातात सेवासमाप्तीची रक्कम आणि परतीचं तिकीट. त्यामुळं आमच्यासारख्याची निवृत्ती म्हणजे सोलापूरच, फक्त कागद दोन्हीकडे अडकलेले.

माझी चूक अशी. जाताना इथल्या बँकेला कळवलंच नाही, साधं बचत खातं तसंच चालवलं. अनिवासी झाल्यावर ते एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथल्या पैशांचं खातं, करून घ्यावं लागतं. कळलं तेव्हा मी केलं, आणि व्याजावर तीस टक्के अधिक उपकर असा टीडीएस कापायला लागले. आईवडील भरायचे तसा "टीडीएस कापू नका"चा अर्ज (तेव्हाचा १५एच) भरून तो थांबवता येत नाही, ती सोय निवासी ज्येष्ठांना आहे. मी विवरणपत्र भरून परतावा मागायचो. परदेशातली कमाई ठेवायची तर एनआरई, त्याच्या व्याजावर इथं कर नाही.

परत येताना उलटं. आलो की एनआरई तसंच चालू ठेवायचं नाही, बँकेला सांगून बदलायचं. परकीय चलनातच पैसे ठेवायचे असतील तर आरएफसी खातं असतं. बऱ्याच वर्षांनी परतणाऱ्याला पहिली दोन-तीन वर्षं करात एक मधला दर्जा मिळू शकतो, त्या काळात बाहेरच्या उत्पन्नावर सहसा इथं कर लागत नाही. परतायची तारीख ठरवण्याआधी सीएकडे जा, ठरवल्यानंतर नाही.

मुलांकडे आखातात जाणाऱ्या आयांसाठी एकच : लाडवात, वाटणात खसखस घेऊन जाऊ नका. यूएई आणि सौदीत ती अमली पदार्थात धरतात. आमच्या नात्यातल्या एका मावशींना डिंकाच्या लाडवांपायी विमानतळावर सहा तास बसवून ठेवलं. रडून रडून बीपी वाढलं त्यांचं.

मेलबर्न

छोटंसं. भारतातला मोबाइल नंबर मरू देऊ नका. नव्वद दिवस वापर नसला की प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो, मग तो दुसऱ्याला दिला जातो. बँक, आधार, पॅन, गॅस, सगळ्याचा ओटीपी त्याच नंबरवर. मी दर महिन्याच्या एक तारखेला त्यावरून बहिणीला एक मेसेज टाकते, "आहे" एवढाच. नंबरही जिवंत राहतो आणि तिलाही कळतं.

ब्रॅम्प्टन, कॅनडा (मूळ बाळे, सोलापूर)

बाई, तुमच्या पाकिटाचं वाचून मला रडू आलं.

मी सुपर व्हिसावर आहे, मुलांकडे येणाऱ्या आईवडिलांना मिळतो तो. एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण निदान एक लाख डॉलरचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो आणि तो हप्ता काही हलका नाही. जावई भरतो, कधी बोलून दाखवत नाही, तरी खोकला आला तरी मी गप्प बसायची. यावरून लेक एकदा चिडली, "आई, आजार लपवलास तर तो विमा कशाला?" ते खरं होतं. आधीपासूनचा आजार विम्यात धरलाय का, हे मात्र शब्दन् शब्द वाचून घ्या. माझा बीपी पहिल्या वर्षी धरलेला नव्हता.

मला सांगायचंय ते वेगळंच आहे. पहिला हिवाळा मी खिडकीपाशी काढला. बाहेर बर्फ, आत शाळेतून येणाऱ्या नातवंडांची वाट बघणं. पोरं आली की मी मराठीत बोलायची, ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची. सोलापुरात मी दारात उभी राहिले तरी दहा बायका, "काय करलालाव मावशी?" तिथं दिवस दिवस माझं नावच कुणी घेत नव्हतं. मी आजारी नव्हते, पण भूक गेली.

मग लेकीनं मला ग्रंथालयाचं कार्ड काढून दिलं. चालत बारा मिनिटं. तिथं इंग्लिश बोलायला शिकवायचा वर्ग भरतो, पंजाबी, तमिळ, पोर्तुगीज बायका येतात. मी एकदा कडक भाकरी आणि शेंगाची चटणी नेली. कडक भाकरीला काही होत नाही, सोलापूरहून आणलेली दीड महिना टिकली होती. त्या पोर्तुगीज बाईनं चटणीची कृती लिहून घेतली. ज्वारीचं पीठ इथं सॉर्घम म्हणून मिळतं, पण आपल्या मालदांडीची चव त्याला नाही, भाकरी तुटते. उकळतं पाणी घालून उकड काढली तर जमते.

आणि हातात आपले पैसे असू द्यात बायांनो. माझ्या नावावर इथं एक खातं आहे, त्यात लेक दर महिन्याला थोडे टाकते, हिशेब विचारत नाही. नातवंडं सांभाळतो आपण, ते काम आहे, उपकार नाहीत. हे मी पहिल्यांदा मोठ्यानं बोलले तेव्हा घरात दोन दिवस शांतता होती. नंतर सगळं सुरळीत झालं.

डलास

विजापूर रोडचं घर आम्ही विकलं. मी अमेरिकन नागरिक, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) आहे. घर विकता येतं, फक्त शेतजमीन नव्यानं विकत घेता येत नाही, वारशानं आलेली ठेवता येते. दोन धडे. एक, अनिवासी माणसाचं घर घेणाऱ्याला नेहमीचा एक टक्का टीडीएस चालत नाही, खूप जास्त कापावा लागतो. आधीच आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला घेतला नाही तर मोठी रक्कम परतावा येईपर्यंत अडकते. आमची अडकली. दोन, कुलमुखत्यारपत्र वकिलातीतून साक्षांकित करून भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. आमच्या पत्रावर चार महिने धूळ बसली होती, सगळं पुन्हा करावं लागलं.

विकलं ते बरं केलं. बंद घराची काळजी रात्रीची झोप घेत होती.

न्यू जर्सी (मीच)

दादा, तुमच्या जागी तुम्ही बरोबर असाल, पण मी माझं घर विकणार नाही आणि कुणा बाईला विकू देणार नाही. मुलाकडे मी सुखात आहे ते सोलापुरात माझी किल्ली आहे म्हणून. पाहुणी म्हणून जाणं आणि दुसरं दार नसल्यानं राहणं यात फार अंतर आहे.

बंद घराला माणूस मात्र लागतो. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, टाकी भरून ठेवून गेलं तर परत येईपर्यंत त्यात अळ्या. मी टाकी रिकामी करून, मुख्य कॉक बंद करून जाते. शेजारच्या अक्का पंधरा दिवसांनी दारं-खिडक्या उघडतात, वाळवी बघतात. त्यांना मी पैसे देते, त्या घेत नव्हत्या, मी हट्टानं देते.

आसरा चौक

मी परदेशी राहत नाही, मागं राहिलेला आहे. तरी लिहू का?

माझे मामा ह्यूस्टनला वारले. मृत्युपत्र केलेलं होतं, पण फक्त तिकडच्या मालमत्तेचं. इथल्या खात्यावर नॉमिनी म्हणून माझं नाव. मला वाटलं पैसे माझे, वकिलांनी समजावलं की नॉमिनी हा सांभाळणारा, मालक वारसच. तसे मी मामींना दिले, त्याचं काही वाटत नाही. पण इथल्या मालमत्तेचं वेगळं मृत्युपत्र इथंच करून ठेवलं असतं तर मामींच्या दोन खेपा वाचल्या असत्या.

मामा नेहमी भैय्या चौकातल्या कोटणीसांच्या घराचं सांगायचे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली इथून चीनला गेले आणि १९४२ साली तिथंच गेले, समाधीही तिथंच. मामा म्हणायचे, मी काही तेवढा मोठा नाही, मला परत आणा.

मामेभावानं अस्थी आणल्या. मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला आणि वकिलातीचा कागद लागतो, आणि कलश क्ष-किरणातून आत दिसेल असा, लाकडाचा वगैरे. धातूचा आणू नका. पंढरपूरला जायचं ठरत होतं, पण मामींनी हत्तरसंग कुडल सांगितलं, भीमा-सीनेचा संगम. मामा लहानपणी आजोबांबरोबर तिथं पोहायचे. तिथल्या देवळात १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे, मामेभावाला मराठी वाचता येत नाही, तरी त्यानं बोटानं ती अक्षरं चाचपली. मग आम्ही दोघं पाण्यात उतरलो.