शाळा सोडलेल्या सरांनो आणि बाईंनो, पुढे काय केलंत?

भागाकार
काल भाचीची पुस्तकं घ्यायला अप्पा बळवंत चौकात गेले होते. गाईडांच्या गठ्ठ्यातलं एक सहज उघडलं, तर आत लेखक म्हणून आमच्या स्टाफरूममधल्या सरांचं नाव! शाळा सोडताना 'आता काय करणार' विचारलं की नुसते हसायचे. मग सगळंच आठवत बसले.

मी कोथरूडच्या एका शाळेत पाचवी ते आठवीला गणित शिकवायचे. आता बाणेरला एका ई-लर्निंग कंपनीत इन्स्ट्रक्शनल डिझायनर आहे. सासूबाई सगळ्यांना 'कॉम्प्युटरवर धडे लिहिते' सांगतात, ते बरोबरच आहे. धडा स्क्रीनमध्ये तोडायचा, कुठल्या स्क्रीनवर काय दिसेल, आवाजात काय ऐकू येईल, चित्रवाल्याने काय हलवायचं, हे तक्त्यात लिहायचं. त्याला स्टोरीबोर्ड म्हणतात. धडे शाळेचे नसतातच बहुतेक. बँकेतल्या नव्या माणसाने खातं कसं उघडायचं, कारखान्यात आग लागली तर कुठलं नळकांडं उचलायचं, असले. मुलाखतीतही तेच दिलं होतं, अग्निशामकाच्या माहितीचं एक पान, करा त्याच्या स्क्रीन.

एक काम मात्र आपल्याला तिथल्या इंजिनिअर पोरांपेक्षा चांगलं जमतं. चुकीचे पर्याय लिहिणं! १/२ + १/३ चं उत्तर पोरगं २/५ लिहिणार, हे आपल्याला झोपेतही माहीत असतं. तो पर्याय ठेवायचा, आणि कुणी तोच निवडला तर त्याला पुढे काय सांगायचं तेही आपल्याकडे तयार असतं. ते लोक पर्याय म्हणून ७ आणि १०० टाकून मोकळे.

स्टोरीलाइन नावाचं सॉफ्टवेअर शिकावं लागलं. पगार शाळेपेक्षा बरा. सुट्ट्यांचं विचारू नका.

तुम्ही काय केलंत ते लिहा. सोडायचा नुसता विचार असेल तरी लिहा. स्टाफरूममध्ये बोलायची सोय नाही, दुसऱ्या तासाला मुख्याध्यापकांपर्यंत पोचतं.

पोळी करपली
आले आले. कुकर लावलाय, वाचते.

मागचा बाक
पर्यायांचं पटलं. आमच्या प्रश्नपेढीत 'यापैकी नाही' हे कायम बरोबर असायचं. पोरांना कळलं होतं, आम्हाला नाही :)

निवृत्त हेडक्लार्क
मी शिक्षक नाही, पण शिक्षकांचे राजीनामे माझ्याच टेबलावरून गेले, म्हणून लिहितो. भावनेच्या भरात व्हॉट्सअ‍ॅपवर राजीनामा देऊ नये. खासगी शाळांना १९७७ चा कर्मचारी सेवाशर्ती कायदा लागतो, त्याचं कलम ७ वाचा. राजीनामा दोन प्रतींत, दोन्हींवर सही आणि तारीख, एक प्रत रजिस्टर पोस्टाने संस्थेला, दुसरी स्वतःजवळ. ही तरतूद उगाच आलेली नाही. नेमणुकीच्या वेळीच कोऱ्या राजीनाम्यावर सही घेऊन ठेवणाऱ्या संस्था होत्या. कायम कर्मचाऱ्याने तीन महिन्यांची नोटीस द्यायची.

दुसरं ग्रॅच्युइटी. 'शिक्षकांना नसते' असं सांगून आजही वाटेला लावतात. २००९ च्या दुरुस्तीने शिक्षक त्यात आले, तेही ३ एप्रिल १९९७ पासून. खासगी शाळा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि ऑगस्ट २०२२ मध्ये हरल्या. सलग पाच वर्षं झाली असतील तर लेखी मागा आणि पोच घ्या.

पोळी करपली
काका हे सगळं आधी का नाही भेटलात! मला तर 'ताई आपण सगळे एक कुटुंब' सांगून पाठवलं.

निवृत्त हेडक्लार्क
कुटुंबाचं नाव निघालं की कागद मागायचा.

मुळशीचा मास्तर
जि.प. वाला आहे. शिक्षणसेवक, म्हणजे कायम होण्याआधी मानधनावर, लागलो तेव्हा महिना ६ हजार, २०२३ ला प्राथमिकचे १६ हजार झाले तेव्हा आम्ही कायम होऊन बसलेलो. नंतरची पोरं नशीबवान म्हणायची. सोडायचं रोज मनात येतं. बायको म्हणते सोडा, पण आधी हप्ते कोण भरणार ते सांगा. नोव्हेंबर २००५ नंतरचा असल्याने जुनी पेन्शन नाहीच, म्हणजे तोही धाक नाही, तरी पाय निघत नाही.

शिकवण्याचा कंटाळा नाही हो. यू-डायसवर शाळेची माहिती भरा, फोटो अपलोड करा, मतदार याद्या घेऊन वाड्यावस्त्या फिरा. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा, त्याचं कलम २७ शिक्षकाला बाहेरची कामं देऊ नका म्हणतं, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक मोकळं सोडलंय, त्यामुळे तक्रार तरी कुठे करणार. सध्या खात्यातच राहून वर्गाबाहेर पडायचं बघतोय. केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी वगैरे. अभ्यास चालू आहे, पोरं झोपल्यावर.

मागचा बाक
केंद्रप्रमुख म्हणजे तीच माहिती तुम्ही दुसऱ्यांकडे मागणार, 'आज ४ पर्यंत, अतितातडीचे'.

मुळशीचा मास्तर
तेवढाच आनंद राहिलाय सर आयुष्यात.

कवडसा
मी कधीच फार लिहीत नाही इथे, पण शाळा सोडल्यावरचं पहिलं सुख सांगते. हवं तेव्हा बाथरूमला जाता येतं. हसू नका. सकाळपासून सलग तास, पाणीच प्यायचं नाही, दर पावसाळ्यात युरिन इन्फेक्शन.

सदाशिवपेठी बाई
हसत नाही आहे. माझं तेच, शिवाय घसा. डॉक्टर म्हणाले स्वरतंतूवर गाठी आहेत, आवाज बंद ठेवा. साठ मुलांच्या वर्गात!!

पोळी करपली
ज्येष्ठमध चघळा. आणि रात्री हळद-दूध.

कवडसा
हो, ते राहिलंच, मी आता काय करते. स्पेशल एज्युकेटर. एका वेळी एक मूल, समोरासमोर. वाचन-लेखनात अडखळणारी मुलं असतात. तीच जी वर्गात आपल्याला 'आळशी' वाटायची. चौथीतला एक मुलगा तोंडी सगळं सांगायचा आणि वही कोरी. त्याच्यामुळे या वाटेला लागले. पण एक कळकळीने सांगते, दोन रविवारच्या कार्यशाळेचं सर्टिफिकेट घेऊन पाटी लावू नका. स्पेशल एज्युकेशनचं डीएड किंवा बीएड हवं आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवी, १९९२ चा कायदाच आहे तसा. पालकांनो, तुम्हीही नोंदणी क्रमांक विचारा, आम्हाला राग येत नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात अध्ययन अक्षमता आल्यापासून चौकशी खूप वाढली आहे, कामाला तोटा नाही. पैसे सुरुवातीला जेमतेम.

सदाशिवपेठी बाई
मी मराठीची. आता मुद्रितशोधन करते, घरबसल्या. पानावर पैसे मिळतात आणि ते सांगण्यासारखे नाहीत, म्हणून सांगत नाही. घरात दुसरा पगार असेल तरच या वाटेला या. पण शांतता! साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठरा नियम पाठ आहेत, चहा शेजारी आहे, कुणी 'बाई, हा मारतो' म्हणत नाही. लेखक मात्र मारतात. एकाने 'आशिर्वाद' असाच हवा म्हणून फोनवर अर्धा तास वाद घातला.

वनाजहून
अवांतर: @भागाकार, खराडीतही अशा कंपन्या आहेत ना? मला बोलावणं आलंय. वनाज ते रामवाडी मेट्रोने जाईन, पुढे काय?

मागचा बाक
पुढे रिक्षा, आणि रिक्षावाल्याशी जे होईल ते.

वनाजहून
म्हणजे आठवीचा वर्गच.

परतलेली
मी उलटी आले. दोन कंपन्या केल्या, एक ट्रेनिंगची, एक परदेशी शिक्षणाची सल्ला देणारी. दुसरीत सल्ला कमी आणि महिन्याला किती पोरं पाठवली याचं टार्गेट जास्त. ज्याचं इंग्रजी धड नाही, घरची जमीन विकून निघालाय, त्याला 'हो हो होईल' म्हणायचं? नाही जमलं. परत शाळेत लागले, कमी पगारावर. तेही कारण आहे आणि मे महिना हेही आहे. माझ्या पोरीला सुट्टी आणि मी ऑफिसात, हे दोन उन्हाळे फार जड गेले. सोडणाऱ्यांना नावं ठेवत नाही. पण मुलाखतीत टार्गेट आहे का, एवढं आधी विचारा.

भागाकार
@वनाजहून, आहेत. नमुना मागतील, तुझ्या आवडीच्या धड्याचा स्टोरीबोर्ड आधीच करून ने. मला पाठव हवं तर, बघते.
@परतलेली, मे महिन्याचं अगदी. आमच्याकडे आंब्याच्या दिवसांतच रिलीज असते.

पोळी करपली
काका, विषय निघालाच आहे तर. भाच्याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख चुकली आहे. शाळा म्हणते आता काही होत नाही. होतं ना?

निवृत्त हेडक्लार्क
मुलगा अजून शाळेत आहे की सोडली? त्यावर सगळं आहे. जन्मदाखला मूळ आहे का तेही बघा आणि व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. इथे बाकीच्यांचा घोळ होईल.

पोळी करपली
केला.