पुश नोटिफिकेशनच्या ‘सबस्क्राइब’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

आमच्या गावच्या वाचनालयाच्या वेब ॲपमधला मजकूर मराठीत आणते आहे. मागितलेलं पुस्तक परत जमा झालं की वाचकाच्या मोबाइलवर पुश नोटिफिकेशन, म्हणजे पान न उघडताही आपोआप येणारा निरोप, जातं. त्यासाठीच्या बटणावर मूळ शब्द ‘सबस्क्राइब’. मी आधी ‘वर्गणीदार व्हा’ लिहिलं. दोनच दिवसांत एक आजोबा काउंटरवर आले, ‘वर्गणी जूनपर्यंत भरली आहे, ही आणखी कसली?’ मग ‘सदस्यत्व घ्या’ केलं, तर जुन्या सभासदांना वाटलं, आपलं नाव कमी झालं. तिसरा शब्द सुचवाल का?

प्रतिसाद

वर्गणी म्हटली की पैसे आले, गणपतीची असो वा मासिकाची. सदस्य म्हटलं की मंडळ आलं. इथे दोन्ही नाही.

मला वाटतं मराठीत या कल्पनेचं क्रियापद फार जुनं आहे: लावणे. आपण पेपर लावतो, डबा लावतो, दुधाचा रतीब लावतो. एकदा सांगून ठेवायचं, मग वस्तू आपोआप दारात. गिऱ्हाईक रतीब लावतं, गवळी तो घालतो. सबस्क्राइब आणि पुश ही जोडी यात जशीच्या तशी आहे. डेअरीवर जाऊन पिशवी आणणं म्हणजे रोज पान उघडून ‘आलं का पुस्तक?’ बघणं.

प्रतिसाद

रतीब समजावून सांगायला उत्तम, बटणावर मात्र नको. ‘आश्वासनांचा रतीब’ म्हणतो तेव्हा त्यात वैतागच असतो. आणि ‘सूचना लावा’ म्हटलं तर ती फळ्यावर लावायची असते.

ताई, शब्द ठरवण्याआधी एक बघा. या एका ‘सबस्क्राइब’मध्ये दोन कामं दडलेली आहेत. पहिलं माणसाचं: ब्राउझर विचारतो, तो हो म्हणतो. याला ‘परवानगी’. दुसरं यंत्राचं: ब्राउझर निरोप पोहोचवणाऱ्या पुश सेवेकडून एक पत्ता, म्हणजे एंडपॉइंट, मिळवतो आणि निरोप कुलूपबंद करायच्या किल्ल्या स्वतः बनवतो; पत्ता आणि या किल्ल्या तुमच्या सर्व्हरकडे जपून ठेवायच्या. याला ‘नोंदणी’. निरोप त्या पत्त्यावर कुलूपबंद जातो, मधल्या सेवेला वाचता येत नाही; तो उघडतो वाचकाचा ब्राउझर. पत्ता कधीतरी रद्द होतो, मग सर्व्हरला ४१० (‘हा पत्ता आता नाही’) हे उत्तर येतं आणि नोंद काढून टाकायची. परवानगी शाबूत असतानाही नोंदणी संपू शकते, म्हणून शब्द दोन हवेत. पण ‘नोंदणी’ तुमच्या कागदपत्रांत ठेवा, वाचकाला कशाला दाखवायची?

नकाराचंही तसंच. ब्राउझरच्या खिडकीत एकदा ‘नाही’ म्हटलं की तुमच्या साइटला पुन्हा विचारता येत नाही. माणसानेच सेटिंगमध्ये जाऊन ते बदलावं लागतं. म्हणून आधी स्वतःचं बटण दाखवा आणि त्याशेजारी ‘नको’ऐवजी ‘आता नको’ लिहा. त्या ‘आता’साठी मी भांडेन. फायरफॉक्स तर जानेवारी २०२० पासून वाचकाने पानावर काही दाबल्याशिवाय परवानगीची खिडकी उघडतच नाही.

प्रतिसाद

‘अधिसूचना’ कृपया नको, ती राजपत्रात शोभते. ‘सूचना’ रुळला आहे, फोनच्या मराठी सेटिंगमध्येही तोच आहे. पण त्यात ‘असं करा, तसं करू नका’ हा जुना सूर उरतोच. पुस्तक आल्याची बातमी ही सूचना नव्हे, तो निरोप. माणूस काउंटरवर काय सांगून जातो? ‘पुस्तक आलं की कळवा हं.’ बटणावर तेच लिहा.

प्रश्न विचारणारी

‘कळवा’! सहा महिने मी नाम शोधत होते.

आता बटणावर आहे: ‘पुस्तक आलं की मला कळवा’. शेजारी ‘आता नको’. खाली बारीक अक्षरात: ‘यानंतर ब्राउझर सूचनांसाठी परवानगी विचारेल. पैसे लागत नाहीत.’ शेवटचं वाक्य त्या आजोबांसाठी. बंद करायच्या जागी ‘कळवणं थांबवा’.

आयफोनवाल्यांचं तेवढं राहिलं. तिथे मार्च २०२३ मध्ये, आयओएस १६.४ पासून ही सोय आली, पण वेब ॲप होम स्क्रीनवर ठेवलं असेल तरच. त्यांना आधी ते सांगावं लागेल. ‘होम स्क्रीन’ला ‘मुख्य पडदा’ म्हटलेलं कुणाच्या घरी कळतं का, एवढं विचारून सांगाल?