मदत हवी आहे: बसमधल्या आजोबांचं फोनवरचं बोलणं

नमस्कार मंडळी. काल सकाळी रत्नागिरीत नाचण्याकडून येणाऱ्या शहर बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक आजोबा होते. कानाला फोन, मांडीवर पासबुक आणि एफडीच्या पावत्या. सारखं दबक्या आवाजात चाललेलं, “होय साहेब, घरात कुणालाच सांगितलं नाही. नाही साहेब, फोन नाही ठेवत.” मध्येच म्हणाले, “मुलगा मुंबईला असतो, त्याला यात ओढू नका हो.” मी “आजोबा, काय झालं?” विचारलं, तर घाबरून ओठांवर बोट ठेवलं. मारुती मंदिरला उतरले आणि गर्दीत दिसेनासे झाले.

मला हा सरळसरळ डिजिटल अरेस्टचा प्रकार वाटतो, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून फोनवर अटकेची भीती घालायची आणि पैसे उकळायचे. अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. पोलीस किंवा सीबीआय व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाहीत. पैसे गेल्यावर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तर ते पुढच्या खात्यात अडवता येऊ शकतात, हे ठाऊक आहे. पण जायच्या आधी काय करायचं?

बँकेत, पतपेढीत काम करणाऱ्यांनी कृपया सांगा, अनोळखी माणसाने येऊन सावध केलं तर तुम्ही एफडी मोडणं थोडा वेळ थांबवू शकता का? आणि पलीकडचा ऐकत असताना अशा माणसाशी बोलायचं कसं? चिठ्ठी लिहून दाखवली तर चालेल का? आपल्याकडे कितीतरी घरांत म्हातारी माणसं एकटीच असतात, म्हणून जीवाला घोर लागलाय. त्या भागात कुणी ओळखीचे आजोबा असे गप्पगप्प वाटत असतील तर आजच घरी जाऊन विचारा.