गजकर्ण परत परत येतंय, फॅमिली डॉक्टर की स्किनवाला?

भिजलेला_पुणेकर:
जूनमध्ये जांघेत गजकर्ण उठलं, आमच्या फॅमिली डॉक्टरांनी ट्यूब दिली, चार दिवसांत खाज गायब म्हणून मी लावायची बंद केली तर पंधरा दिवसांनी परत, आणि आता पोटावरपण. तिसरी वेळ आहे. स्किनवाला एवढी फी घेऊन अजून एक ट्यूबच देणार ना?

मेडिकल_काउंटर:
आधी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाच. क्लोबेटासोल दिसलं तर ते स्टेरॉइड. खाज, लाली लगेच बसते पण बुरशी आत मजेत पसरते, वर जांघेत स्ट्रेच मार्क पडतात ते वेगळंच. असली मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात, तरी 'मागच्या वेळची द्या' म्हणणारे रोज येतात, आणि खोटं कशाला बोलू, दुकानवाले देतातही.

एकच_टॉवेल:
मी दोन्हीकडे जाऊन आले. पहिल्यांनी खुर्चीवरूनच बघून चिठ्ठी फाडली. स्किनच्या मॅडमनी आधी विचारलं आत्तापर्यंत काय काय लावलं, घरात अजून कुणाला आहे, मग चट्ट्याच्या कडेची पापडी ब्लेडने खरवडून काचेवर घेतली, थेंबभर केओएच (पापडी विरघळवून बुरशी दिसू देणारं द्रावण) टाकून मायक्रोस्कोपखाली बघितली. इट्राकोनाझोल हे बुरशीचं औषध दिलं, कॅप्सूल जेवणानंतरच, ॲसिडिटीची गोळी सोबत नको. मलम चट्ट्याच्या बाहेर दोन बोटांपर्यंत, आणि दिसायचं बंद झाल्यावरही दोन आठवडे. नवऱ्यालापण औषध, कारण टॉवेल एकच होता आमचा (हसू नका).

तालुक्याचा_डॉक्टर:
सगळं खापर आमच्यावर नको. ओपीडीत बाहेरपर्यंत लाइन असते, पापडी कधी खरवडू? आणि पेशंटला महिनाभराचा कोर्स सांगितला की तो आठव्या दिवशी सोडतो, तुझ्यासारखाच. पहिल्यांदा झालेलं, लहानसं गजकर्ण क्लोट्रिमॅझोलच्या साध्या बुरशीविरोधी मलमाने आमच्याकडेही जातं, फक्त तीन-चार आठवडे लावा. पण स्टेरॉइड लागलेलं, उलटलेलं, नखात किंवा डोक्यात गेलेलं असेल तर मी स्वतः स्किनकडे पाठवतो. आपल्याकडे आता ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची बुरशीची जात माजलीय, तिच्यावर टर्बिनाफिन हे बुरशीचं नेहमीचं औषध बऱ्याचदा चालतच नाही, तिथे अंदाजाने गोळ्या बदलत बसण्यात अर्थ नाही.

भिजलेला_पुणेकर:
बघितली ट्यूब. क्लोबेटासोलच निघालं. उद्याची अपॉइंटमेंट घेतली. घोळ असा की आईच्या मानेला खाज येत होती तर हीच ट्यूब मी तिला दिलीय.

एकच_टॉवेल:
मग आईलापण घेऊन जा. आणि ट्यूब फेकू नकोस, मॅडमना दाखव.