मदत हवी आहे : ब्रह्मदेश आघाडीवर हवाई दलात काम केलेल्या एका मराठी इतिहासलेखकाच्या चरित्राचा शोध

नमस्कार मंडळी,

आटपाडी तालुक्यातील एका दिवंगत गृहस्थांचे चरित्र लिहिण्याचे काम मी हाती घेतले आहे आणि त्यात जाणकारांची मदत हवी आहे. दुसऱ्या महायुद्धात ते भारतीय हवाई दलात होते. वैमानिक म्हणून नव्हे, तर विमाने उड्डाणासाठी सज्ज ठेवणाऱ्या जमिनीवरील कर्मचाऱ्यांपैकी एक म्हणून. 1946 साली सेवामुक्त झाल्यावर त्यांनी किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात नोकरी केली आणि तेथून निवृत्त झाल्यानंतर उरलेले आयुष्य भारतीय हवाई दलाचा युद्धकाळातील इतिहास मराठीत लिहून काढण्यात घालवले. कुटुंबाच्या इच्छेनुसार त्यांचे नाव येथे देत नाही. ज्यांना कागदपत्रे शोधण्यास मदत करता येईल त्यांना व्यक्तिगत निरोपातून कळवीन. घरातले सगळे त्यांना अण्णा म्हणत, म्हणून मीही येथे तसेच म्हणतो.

अण्णांच्या वह्या सांगलीत त्यांच्या पुतण्याच्या घरी एका लोखंडी ट्रंकेत आहेत. 2019 च्या ऑगस्टमधील महापुरात ती ट्रंक पाण्यात राहिली. शाईने लिहिलेला मजकूर बराचसा फुटला आहे, काही पाने एकमेकांना चिकटली आहेत, पण समासात शिसपेन्सिलीने केलेल्या नोंदी मात्र जवळजवळ जशाच्या तशा वाचता येतात. माझ्या सगळ्या शोधाचा आधार या समासातल्या नोंदी आहेत, म्हणून त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

अण्णांनी आपल्या जुन्या सहकाऱ्यांशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून माहिती जमवली होती. प्रत्येक परिच्छेदाच्या बाजूला, तो मजकूर कशावरून लिहिला, हे त्यांनी बारीक अक्षरात टिपून ठेवले आहे : ‘पत्रावरून’, ‘ऐकीव’, ‘छापील’, ‘दोघांचे जुळते’, ‘जुळत नाही, पुन्हा विचारणे’. फारसे शिक्षण नसलेल्या माणसाने ही शिस्त आपली आपण अंगी बाणवली याचे मला फार मोल वाटते. जेथे पडताळणी करता आली तेथे त्यांचा मजकूर अचूक निघाला आहे. 1 एप्रिल 1933 रोजी कराचीजवळ ड्रिग रोड येथे वापिती विमानांवर पहिल्या स्क्वॉड्रनची (लढाऊ हवाई तुकडीची) झालेली उभारणी, तिच्या जमिनीवरच्या माणसांना मिळालेले ‘हवाई सिपाही’ हे नाव, युद्धाच्या अखेरीपर्यंत एकाच्या नऊ झालेल्या स्क्वॉड्रन, मार्च 1945 मध्ये दलाच्या नावाला जोडला गेलेला आणि 1950 साली गळालेला ‘रॉयल’ हा शब्द, हे सारे त्यांनी बरोबर नोंदवले आहे. सहाव्या स्क्वॉड्रनचे मेहर सिंग हे या युद्धात डी.एस.ओ. हे ब्रिटिश लष्करी सन्मानपदक मिळवणारे एकमेव भारतीय हवाई अधिकारी होते, हेही त्यांच्या वहीत आहे आणि बाजूला ‘छापील’ असे लिहिले आहे.

वह्यांतले तीन भाग मोठे आहेत. पहिला तौंगूचा. 1942 च्या फेब्रुवारीत करुण कृष्ण मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली पहिली स्क्वॉड्रन ब्रह्मदेशात तौंगू येथे गेली. तिच्याजवळची लायसँडर विमाने मुळात सैन्याच्या मदतीसाठी टेहळणी करण्याची. तरीही चाकांच्या आवरणावरील आखूड पंखांना अडीचशे पौंडांचे दोन बॉम्ब अडकवून ती सयामच्या (आजच्या थायलंडच्या) हद्दीतील माए हाँग सोन येथल्या जपानी विमानतळावर गेली. दुसरा भाग बंगालच्या किनाऱ्यावरील कॉक्स बाजारचा, म्हणजे मेहर सिंग यांच्या सहाव्या स्क्वॉड्रनचा. हरिकेन विमानांतून टेहळणी आणि छायाचित्रण करणाऱ्या या स्क्वॉड्रनला, ब्रह्मदेश आघाडीवर लढणाऱ्या ब्रिटिश चौदाव्या सेनेचे डोळे म्हणत. तिसरा भाग इंफाळचा. 1944 च्या फेब्रुवारीत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिली स्क्वॉड्रन हरिकेन घेऊन इंफाळला पोहोचली. मार्चअखेरीस जपान्यांनी इंफाळहून कोहिमाला जाणारा रस्ता तोडून वेढा घातला आणि 22 जून रोजी तो पुन्हा उघडेपर्यंत खोऱ्यातल्या फौजेचा शिधा, दारूगोळा आणि इंधन विमानांनीच येत राहिले. एवढा काळ ही स्क्वॉड्रन खोऱ्यातूनच लढत होती.

आता मुख्य मुद्दा. तौंगूच्या भागात समास ‘पत्रावरून’ आणि ‘ऐकीव’ या नोंदींनी भरलेला आहे. कॉक्स बाजारच्या भागात जवळपास सर्वत्र ‘पत्रावरून’ आहे. इंफाळच्या भागात मात्र अशी काही पाने आहेत की ज्यांचा समास कोरा आहे, आणि नेमक्या त्याच पानांवर इतरत्र कोठेही नसलेला बारीक तपशील येतो : पावसाळ्यात काडतुसांचे पट्टे ताडपत्रीखाली उलगडून एकेक काडतूस फडक्याने पुसणे, हरिकेनच्या पंखावरची झाकणे उघडून मशिनगनींची तपासणी करताना उजेड दिसू नये म्हणून टॉर्चच्या काचेवर कागद चिकटवणे, शिधा कमी केल्यावर न्याहारीत काय उरले आणि काय गेले. संपूर्ण लेखनात अण्णांनी स्वतःचा उल्लेख एकदाही केलेला नाही. माझा तर्क असा की समास कोरा आहे तेथे साक्षीदार ते स्वतः आहेत, म्हणजेच वेढ्याच्या काळात ते पहिल्या स्क्वॉड्रनमध्ये बहुधा आर्मरर (विमानावरील शस्त्रे भरणारा आणि सांभाळणारा कर्मचारी) म्हणून काम करीत होते. परंतु ज्या माणसाने प्रत्येक वाक्याला आधार मागितला, त्याच्या चरित्रात मी निव्वळ तर्क छापणे योग्य नाही. मला कागद हवा आहे.

तो मिळवण्यात अडचणी येत आहेत. ट्रंकेत बर्मा स्टार हे ब्रह्मदेश आघाडीचे युद्धपदक आहे. निळ्या पट्ट्यांवर नारिंगी रेघा आणि मध्ये रुंद तांबडा पट्टा असलेली त्याची फीत अजून ओळखू येते. मात्र ठरावीक काळात बंगाल आणि आसाममध्ये केलेल्या सेवेसाठीही हे पदक मिळत असल्यामुळे, ते धारण करणारा माणूस इंफाळला होता की बंगालमधल्या एखाद्या तळावर, हे त्यावरून सिद्ध होत नाही. स्क्वॉड्रनच्या दैनंदिन नोंदींचे फॉर्म 540 आणि 541 लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एअर 27’ या मालिकेत जतन केलेले आहेत, हे मला माहीत आहे. फॉर्म 541 मध्ये प्रत्येक उड्डाणाचे विमान, वैमानिक आणि वेळ येते. जमिनीवरच्या माणसांची नावे तेथे नसतात आणि 540 मध्येही ती बदली, बढती किंवा अपघाताच्या निमित्तानेच डोकावतात. वैमानिकाचे आयुष्य या कागदांतून दिवसागणिक उभे करता येते. त्याच्या मशिनगनी भरणाऱ्याचे येत नाही, आणि हे मला फार खटकते, कारण भारतीय हवाई दलाच्या युद्धकाळाबद्दल जे मराठीत लिहिले जावे असे मला वाटते त्यात या माणसांचा वाटा मोठा आहे.

म्हणून पहिला प्रश्न असा : युद्धकाळात भरती होऊन 1946 मध्ये, पेन्शन न लागता, सेवामुक्त झालेल्या एअरमनचे (हवाई दलातील अधिकारी नसलेल्या कर्मचाऱ्याचे) सेवापत्रक दिल्लीच्या सुब्रोतो पार्क येथील एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिसातून कोणी मिळवले आहे का? वारसाने साधा अर्ज करावा, की माहितीच्या अधिकारात जावे? अण्णा अविवाहित होते, तेव्हा पुतण्याला वारस म्हणून कोणता दाखला जोडावा लागेल? सेवा क्रमांक पदकाच्या पेटीवरच्या चिठ्ठीत होता, तो पुरात पुसट झाला असून शेवटचे आकडेच वाचता येतात. अशा अर्धवट क्रमांकावर शोध घेतला जातो का, हेही कळावे.

दुसरा प्रश्न गावाच्या पत्त्याचा आहे आणि तो सातारा-सांगलीकडच्या मंडळींनाच नीट उमजेल. अण्णांचे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे, परंतु भरतीच्या वेळी आटपाडीचा मुलूख औंध संस्थानात होता. विलीनीकरणानंतर 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याचे नाव सांगली झाले. त्यामुळे भरतीच्या कागदावर ‘औंध स्टेट’, ‘सातारा’ किंवा नुसते जवळच्या पोस्टाचे नाव, यांपैकी काहीही असू शकते. त्यात इंग्रजी लिहिणाऱ्या कारकुनाने आडनाव कसे लिहिले असेल याचा भरवसा नाही, आणि आपल्याकडे मधले नाव वडिलांचे असल्यामुळे कित्येक याद्यांत तेच आडनाव समजून लावलेले दिसते. शाळेच्या जनरल रजिस्टरमधून जन्मतारीख मिळाली आहे. जन्माची नोंद असलेले कोतवाल बुक मोडीत आहे. मला मोडी सफाईने वाचता येत नाही, तेव्हा सातारा किंवा सांगलीतील एखाद्या मोडी वाचकाने पानाचे छायाचित्र पाहून लिप्यंतर करून दिल्यास मोठे उपकार होतील. औंध संस्थानातून युद्धभरतीसाठी गेलेल्या तरुणांच्या याद्या संस्थानच्या दप्तरात कोणाच्या पाहण्यात आल्या असतील, तर ते दप्तर आज कोठे ठेवलेले आहे हेही कृपया सांगावे.

तिसरी विनंती जुनी मासिके जपून ठेवणाऱ्यांना आहे. एका वहीच्या शेवटच्या पानावर अण्णांनी नियतकालिकांकडे धाडलेल्या लेखांची यादी केली आहे. काहींसमोर ‘साभार परत’ असे लिहिले आहे, काहींसमोर नुसती बरोबरची खूण आहे. ते लेख छापून आले असावेत असे मला वाटते, पण यादीत विषय आहेत, नियतकालिकाचे नाव आणि अंकाचा महिना नाही. कृष्णाकाठच्या वाचनालयांतील पुष्कळ जुने अंक पुरात गेल्यामुळे इकडे शोधण्यास फारसा वाव उरलेला नाही. ज्यांच्या घरी 1970 ते 1985 या काळातील दिवाळी अंक किंवा मासिकांचे बांधीव खंड आहेत त्यांनी अनुक्रमणिकेत तौंगू, इंफाळ, लायसँडर, हरिकेन किंवा हवाई सिपाही असा विषय दिसतो का, एवढे पाहावे.

आणखी एक. अण्णांना पत्रे लिहिणारी माणसे ही बहुतेक याच भागातली, कोल्हापूर, सातारा आणि बेळगावकडची असावीत. ओल्या पाकिटांवरचे पोस्टाचे शिक्के तसे सांगतात. सातारा जिल्ह्याला फौजेची परंपरा मोठी. अपशिंग्यासारख्या गावात तर घराघरांत सैनिक सापडतो. पण तेथेही आठवण निघते ती पायदळाची. हवाई दलातील फिटर, रिगर, आर्मरर, वायरलेस ऑपरेटर यांची विचारपूस कोणी करीत नाही. तुमच्या घरात अशा कोणा आजोबांचे सेवापुस्तक, गटाचे छायाचित्र किंवा सांगलीहून आलेली पेन्सिलीने लिहिलेली पत्रे असतील तर ती टाकून देऊ नयेत आणि मला अवश्य कळवावे. स्क्वॉड्रनच्या एखाद्या गटछायाचित्राच्या मागे नावे लिहिलेली असतील तर ती मला सर्वांत आधी पाहायची आहेत.

वह्यांच्या सुस्थितीतील पानांची छायाचित्रे घेऊन मजकूर टंकलिखित करण्याचे काम मी सुरू केले आहे. कुटुंबाची संमती असल्यामुळे इंफाळचा भाग, समासातील नोंदींसह, अभ्यासासाठी मागणाऱ्यास पाठवीन. चिकटलेली पाने न फाडता सोडवण्याचा अनुभव कोणाला असेल तर ते मात्र लवकर कळवावे, कारण पावसाळा तोंडावर आहे आणि ती पाने अजून पूर्ण वाळलेली नाहीत.