मदत हवी आहे : दिवेआगर-श्रीवर्धनकडे घरगुती राहण्या-जेवणाची सोय

नमस्कार मंडळी. आम्ही गोरेगावचे (मुंबईतलं, माणगावजवळचं नव्हे). दिवाळीनंतर आई-बाबांना घेऊन दोन रात्री दिवेआगर किंवा श्रीवर्धनला जायचा विचार आहे. स्वतः राहून, जेवून आलेल्यांनीच सांगा. फोटो आणि स्टार बघून जायची आता हिंमत नाही. गेल्या वर्षी एका ठिकाणी ‘अस्सल कोकणी जेवण’ म्हणून पनीर बटर मसाला आणि गार रुमाली रोटी पुढ्यात आली होती. मागे नारळी-पोफळीची वाडी, आणि सोलकढी मात्र पाकिटातली!

आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे खोली तळमजल्यावर आणि कमोड हवाच. एसी नसला तरी चालेल. बाबांना वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी मिळाली की स्वारी खूश. आम्हाला ताजं मासळीचं ताट हवं, आई शाकाहारी. दोन्ही स्वयंपाक वेगळे ठेवणारं कुणी आहे का? उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगावे लागतात ना? आणि ताटाचा दर आधी ठरवता की सुरमई-पापलेटचा भाव त्या दिवशीच कळतो?

गाडी आमचीच आहे. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाडीसकट नेणाऱ्या बोटीने) मांडव्याला उतरून अलिबाग-मुरूडमार्गे जावं, की सरळ माणगाव-म्हसळा? आईला घाटात गाडी लागते, हे लक्षात घेऊन सांगा. हरिहरेश्वरला दर्शन करायचंच आहे, तिथली चांगली सोय माहीत असेल तर तीही चालेल.